सिझर होणार आहे, बाळाला ‘आईचे जंतू’ मिळतील ना?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मला चौतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. सोनोग्राफीत दोनदा वार खाली असल्याचं दिसलं, म्हणून सदतिसाव्या आठवड्यात सिझर करायचं ठरलंय. मी पहिल्यापासून नॉर्मलची तयारी करत होते, त्यामुळे फार रडले. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिनं एक लेख पाठवला. त्यात म्हटलंय की सिझरच्या बाळांना आईच्या योनीमार्गातले चांगले जंतू मिळत नाहीत, म्हणून पुढे दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा होतो. यावर उपाय म्हणून ऑपरेशनआधी गॉजची पट्टी आत ठेवायची आणि बाळ जन्मलं की ती त्याच्या तोंडावरून, अंगावरून फिरवायची. आमच्या डॉक्टरांना हे विचारायचा धीर होत नाही. नवरा म्हणतो, खोलीत आणल्यावर आपणच करून टाकू, त्यात काय जातंय? नणंद येताना प्रोबायोटिकचे, म्हणजे चांगल्या जंतूंचे थेंबही आणणार आहे. सासूबाई म्हणतात, सिझरला तीन दिवस दूध येत नाही, तोवर मध आणि गुटी चाटवू. मला एवढंच कळतंय की माझ्या बाळाला पहिल्याच दिवशी मी काहीतरी कमी देणार आहे. काय करू?
– कराडहून एक वाचक

उत्तर: बाकी सगळं नंतर, आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या बाबतीत योनीमार्गात पट्टी, कापूस, काहीही घालायचं नाही. घरीही नाही आणि ऑपरेशनच्या तासभर आधीही नाही. वार खाली असते म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडावर किंवा त्याच्या अगदी कडेला चिकटलेली असते. तिथं जरासा धक्का लागला तरी भळाभळा रक्त जाऊ शकतं आणि ते आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी बोटांनी आतून तपासणी टाळली असेल, तीही याच कारणानं. अधेमधे अंगावरून थोडं जरी लाल गेलं, पोटात दुखत नसलं तरीही, थेट दवाखाना गाठायचा. वार खाली असताना जाणारं रक्त बहुतेक वेळा दुखण्याशिवायच जातं, म्हणून बायका सकाळपर्यंत थांबतात. तसं थांबू नका. तुमचा रक्तगट आणि सोबत कोण येणार, हे घरात सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

‘त्यात काय जातंय’ याचं तुमच्यापुरतं उत्तर इथंच मिळालं. पण वार जागेवर असलेल्या, दुसऱ्या कारणानं सिझर ठरलेल्या बायकाही हाच प्रश्न विचारतात, आणि तुमच्या मनाला लागलेली खंत पट्टी रद्द झाल्यानं जाणार नाही. तेव्हा सविस्तर लिहिते.

नणंदेनं पाठवलेला लेख खोटा नाही, अर्धा आहे. २०१० मध्ये मारिया ग्लोरिया डोमिंगेझ-बेलो या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या पुएर्तो आयाकुचो इथं ९ आया आणि त्यांची १० नवजात बाळं यांचे नमुने तपासले. नॉर्मल झालेल्या बाळांच्या अंगावर आईच्या योनीमार्गातल्यासारखे जंतू होते, सिझरच्या बाळांच्या अंगावर त्वचेवर असतात तसले. जन्माची वाट बदलली की बाळाला भेटणारे पहिले जंतू बदलतात, हे त्यातून स्वच्छ दिसलं. पुढे २०१६ मध्ये त्यांच्याच गटानं पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८ बाळं होती, त्यातली ११ सिझरची, आणि पट्टी फिरवली ती फक्त ४ बाळांवर. ओली गॉज ऑपरेशनआधी तासभर आईच्या योनीमार्गात ठेवायची, चीर देण्यापूर्वी काढून निर्जंतुक डबीत ठेवायची आणि जन्मानंतर पहिल्या दोन मिनिटांत बाळाचे ओठ, मग चेहरा, मग सगळं अंग तिनं पुसायचं. त्या चौघांच्या अंगावरचे जंतू महिनाभर पाहिले, तर ते काही प्रमाणात नॉर्मलच्या बाळांसारखे झाले होते. जगभर बातमी गेली ती या चार बाळांवरून. त्या आयांची आधी तपासणी झाली होती, घातक जंतू असलेल्या बायकांना प्रयोगात घेतलंच नव्हतं, हे बातमीत शेवटच्या परिच्छेदात होतं किंवा नव्हतंच.

आता उरलेला अर्धा भाग. बाळाच्या पुढच्या तब्येतीसाठी महत्त्वाचे मानले जातात ते आतड्यात वस्ती करणारे जंतू. ते येतात कुठून? २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५९६ बाळं, सगळी पूर्ण दिवसांची, आणि त्यांच्या शीचे दीड हजारांवर नमुने. नॉर्मलच्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स नावाचे जंतू भरपूर होते, सिझरच्या बाळांत ते फार कमी आणि त्याऐवजी दवाखान्यात आढळणारे काही जंतू जास्त. म्हणजे फरक खरा होता. पण नॉर्मलच्या बाळांना मिळालेले ते जंतू आईच्या योनीमार्गातले नव्हते, आईच्या आतड्यातले होते. कळा देताना बायकांना शी होते आणि त्याची त्यांना केवढी लाज वाटते! प्रसूतीच्या टेबलावर कित्येक जणी ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राहतात. बाळाला हवे असलेले जंतू मुख्यतः त्याच वाटेनं जातात. योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू बाळाच्या अंगावर येतात खरे, पण त्याच्या आतड्यात फारसे टिकत नाहीत. विरजण कितीही चांगलं असलं तरी गार दुधात त्याचं दही लागत नाही, तसंच हे.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी हे थेट तपासलं. सिझरच्या काही बाळांना आईच्या योनीमार्गातले जंतू पाण्यात मिसळून तोंडावाटे दिले, काहींना नुसतं साधं द्रावण. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. महिन्याच्या आणि तीन महिन्यांच्या वयात दोन्ही गटांच्या आतड्यातल्या जंतूंत फरक सापडला नाही. उलट बाजूचीही माहिती देते, कारण नणंदेच्या लेखात ती असणार. चीनमधल्या ग्वांगझू शहरात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६८ बाळं होती. ज्यांच्यावर पट्टी फिरवली त्यांचे विकासाचे गुण तीन आणि सहा महिन्यांना थोडे जास्त आले. हे गुण आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून काढले होते. बाळं थोडी, काळ थोडा. कुतूहल वाटावं एवढं त्यात नक्कीच आहे, स्वतःच्या बाळावर करून बघावं एवढं नाही.

मग आतड्यातलेच जंतू दिले तर? हेलसिंकीच्या डॉक्टरांनी तेही केलं. ऐकून अंगावर काटा येईल, पण आईच्या शीचा मिलिग्रॅममध्ये मोजावा इतका सूक्ष्म अंश, पातळ करून, दुधात मिसळून सिझरच्या बाळांना जन्मानंतर लगेच एकदाच पाजला. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. तीन महिन्यांपर्यंत त्या बाळांच्या आतड्यातली वस्ती नॉर्मलच्या बाळांसारखी झाली. शास्त्र म्हणून हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण नेमकं काय चुकतंय ते त्यानं दाखवलं. पण त्यातला एक आकडा लक्षात ठेवा. प्रयोगाला तयार झालेल्या १७ आयांपैकी तपासण्यांतून उत्तीर्ण झाल्या फक्त ७. बाकीच्या, दिसायला ठणठणीत असलेल्या बायका, कुठल्या ना कुठल्या कारणानं बाद झाल्या. त्याच शहरात नंतर झालेल्या मोठ्या चाचणीतही निम्म्याहून जास्त बायका चाळणीतच गळल्या. ही फिनलंडची गोष्ट. आपल्याकडे तर निरोगी माणसांच्या आतड्यातही अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू सर्रास सापडतात. घरच्या घरी हे करायचा विचारही कुणी मनात आणू नये, असं त्या संशोधकांनीच स्पष्ट बजावलं आहे.

पट्टीचा धोकाही याच जातीचा आहे. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू कितीतरी निरोगी बायकांच्या योनीमार्गात असतो. बाईला त्याचा काहीच त्रास नसतो, पण नवजात बाळाच्या रक्तात शिरला तर बाळ काही तासांत अत्यवस्थ होतं. अमेरिकेत शेवटच्या महिन्यात त्याची तपासणी प्रत्येक बाईची होते, आपल्याकडे सरसकट होत नाही. नागिणीच्या जातीतला हर्पिसचा विषाणू, क्लॅमिडिया, गनोरिया हेही बाईला कळू न देता असू शकतात. कळा सुरू होण्याआधी, पाणमोट शाबूत असताना सिझर झालं तर बाळ या सगळ्यापासून बरंच दूर राहतं. पट्टी फिरवणं म्हणजे ते संरक्षण स्वतःच्या हातानं काढून घेणं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की संशोधनाच्या चौकटीबाहेर हे करू नये.

तुमच्या यजमानांना आणखी एक सांगा, रागावून नको. सगळ्यात वाईट म्हणजे हे डॉक्टरांपासून लपवून करणं. समजा कुणी खोलीत गुपचूप पट्टी फिरवली आणि दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं, तर आम्ही मनाशी म्हणणार, ठरवून केलेलं सिझर आहे, संसर्गाची शक्यता कमी. त्या चुकीच्या समजात जे दोन-चार तास जातात ते नवजात बाळाला परवडत नाहीत. हा कॉलम वाचणाऱ्या कुणी असं केलं असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना आजच्या आज सांगा. कोणी ओरडणार नाही.

आता दमा आणि ॲलर्जीच्या भीतीकडे येते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर सिझरच्या मुलांत दम्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी जास्त दिसतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण समजा नॉर्मल झालेल्या १०० मुलांत १० जणांना दमा होत असेल, तर सिझरच्या १०० मुलांत तो १२ जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही किती भाग सिझरचा आणि किती सिझर करावं लागण्यामागच्या कारणांचा, हे वेगळं काढणं अवघड असतं. ऑटिझमची भीतीही काही लेख घालतात. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी पाहून, एकाच आईची एक नॉर्मलचं आणि एक सिझरचं अशी भावंडं शेजारी ठेवून तुलना केली तेव्हा तो संबंध उरला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धीर देणारा अभ्यास कोपनहेगनचा वाटतो. तिथं ७०० मुलांचा जन्मापासून माग ठेवला. सिझरच्या ज्या मुलांच्या आतड्यातली वस्ती वर्षाच्या वयापर्यंतही मागेच राहिली होती, दम्याचा वाढीव धोका त्यांच्यातच दिसला. ज्यांची वस्ती वर्षभरात सावरली होती, त्यांच्यात तो दिसला नाही. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत सगळं ठरून जात नाही, हातात पुरतं एक वर्ष असतं. ब्रिटनच्या त्या मोठ्या अभ्यासातही उष्टावणाच्या वयापर्यंत, सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, दोन्हीकडच्या बाळांमधला बराचसा फरक मिटत आला होता.

आणि तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर नेदरलँड्समधून २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात आहे. १२० आया आणि त्यांच्या बाळांचे पहिल्या महिन्यातले नमुने घेतले. आईची त्वचा, नाक, लाळ, दूध, योनीमार्ग, शी, सगळ्यांचे. बाळाच्या अंगावरचे आणि अंगातले कोणते जंतू आईच्या कुठल्या जागेवरून आले असावेत, याचा हिशेब लावला. सरासरी निम्म्याहून थोडे जास्त जंतू आईकडूनच आले असावेत असं दिसलं. सिझरच्या बाळांना आईच्या आतड्यातले कमी मिळाले होते, पण त्यांनी आईच्या दुधातून जास्त घेतले होते. एक वाट बंद झाली की बाळ दुसऱ्या वाटेनं आईकडूनच घेतं. तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे, हा प्रश्नच नाही. दुधाची वाट पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवायची, एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून आता तिच्याबद्दल लिहिते.

आईच्या दुधात अशा दीडशेहून अधिक प्रकारच्या साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या चांगल्या जंतूंसाठी. ते त्यांच्यावरच पोसतात, आतडं आंबट ठेवतात आणि नको त्या जंतूंना तिथं टिकू देत नाहीत. दुधाच्या सगळ्यात पहिल्या भागात, म्हणजे चिकात, या साखरा सगळ्यात जास्त. शिवाय दुधात जिवंत जंतूही असतातच.

‘सिझरला तीन दिवस दूध येत नाही’ असं सासूबाई म्हणतात, त्यात अर्धं तथ्य आहे. पांढरं, भरभरून येणारं दूध कुठल्याही बाळंतिणीला साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशीच उतरतं. शरीराला त्याची खूण मिळते ती वार बाहेर पडल्यावर, मग बाळ कुठल्याही वाटेनं आलेलं असो. सिझरनंतर थोडा उशीर होऊ शकतो. पण चीक त्याच्याही आधीपासून, गरोदरपणातच तयार असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतोच किती? अर्धा चमचा, फार तर दोन चमचे. सिझर झालेली आई कुशीवर वळू शकत नसली तरी एवढा चीक हातानं काढता येतो. वॉर्डात मी हे पुष्कळदा पाहिलंय. आईच्या एका हाताला सलाईन, पोटाला टाके. नर्स उकळलेला स्टीलचा चमचा स्तनाखाली धरते. अंगठा काळ्या भागाच्या वर, बोटं खाली, आधी छातीकडे मागे दाबायचं आणि मग एकमेकांकडे. पहिल्या पाच-सात वेळा काहीच येत नाही आणि आईचा चेहरा पडतो. मग हळदीच्या रंगाचा एक दाट थेंब टोकाशी जमतो, दुसरा येतो, चमच्याचा तळ झाकला जातो. तो चमचा बाळाच्या खालच्या ओठाला टेकवला की बाळ जीभ बाहेर काढून स्वतःच चाटतं. तो चीक बाळासाठी कुठल्याही पट्टीपेक्षा मोलाचा आहे. तो पिवळा दिसतो म्हणून पिळून टाकून देण्याची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे. तुमच्याकडे असेल तर ती या बाळापासून बंद करा. मात्र प्रसूतीआधीच चीक काढून साठवायचा सल्ला कुणी दिला तर तो तुमच्यासाठी नाही. त्यानं कळा सुरू होऊ शकतात आणि वार खाली असताना ते परवडणारं नाही.

मध मात्र नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यातून येणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही बंद पडू शकतो. शुद्ध, गावाकडचा, ओळखीच्या माणसाकडचा मध असला तरी हे लागू आहे. सहाणेवर उगाळलेली गुटीही नको. वेखंड-मुरुडशेंगेवर तुमची श्रद्धा असो वा नसो, सहाण, पाणी आणि बोट यांच्यावरून जे जंतू जातात ते आपल्याला नको असलेलेच असतात. आणि मधानं-गुटीनं बाळाची भूक मोडली की ते स्तन ओढत नाही. ओढलं नाही की दूध उतरायला आणखी उशीर होतो आणि मग ‘दूध आलंच नाही’ हे खरं होऊन बसतं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. तो चमचा धरणं, तुमच्या पाठीला उशी लावणं, बाळ स्तनाशी टेकवून धरणं, हे त्यांच्याइतकं सराईतपणे तुमचे यजमान करू शकणार नाहीत. नातवाला पहिलं काही चाटवायची त्यांची हौस आहे ना? मग चिकाचा पहिला चमचा त्यांच्याच हातून जाऊ दे.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर तुम्ही जाग्या असता. टाके घालेपर्यंत बाळ कोरडं करून, टोपी घालून, तुमच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. सगळीकडे हे करत नाहीत, पण विचारलं तर बरेच जण तयार होतात. भूलतज्ज्ञांनाही विचारा, कारण त्या वेळी तुमच्या डोक्याशी तेच उभे असतात. रक्तस्रावामुळे किंवा पूर्ण भूल द्यावी लागल्यानं ते जमलं नाही, तर बाळाच्या बाबांनी शर्ट काढून बाळ छातीशी घ्यावं. घरातल्या माणसाच्या कातडीवरचे जंतू दवाखान्यातल्या जंतूंपेक्षा कधीही बरे. त्यांना स्वतःच्या हातानं काहीतरी करायचंय, हे त्यांच्या म्हणण्यावरून दिसतंच. पहिली आंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकला, बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप खरवडू नका.

चीर देण्याआधी तुम्हाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतील. त्याचा थोडा अंश बाळापर्यंत जातो आणि जंतूंवर लिहिणारे लेख त्याकडेही बोट दाखवतात. ते नाकारू नका. त्यानं तुमच्या जखमेत पू होण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, आणि तापानं फणफणलेली आई बाळाला जवळ घेऊ शकत नाही. विचारायचं असेल तर हे विचारा की नंतर पाच-सात दिवस औषध चालू ठेवायची खरंच गरज आहे का. सगळं सुरळीत असेल तर बहुतेक वेळा तो एक डोस पुरतो. पुढच्या वर्षभरातही हेच लक्षात ठेवा. साध्या सर्दी-पडशाला स्वतःहून अँटिबायोटिक मागायचं नाही, मागच्या वेळची उरलेली बाटली तर नाहीच नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरण-भात, नाचणी, भाज्या, फळं. आतड्यातली वस्ती या काळातच घडते, आणि यातल्या कशालाही अमेरिकेहून काही मागवावं लागत नाही.

थेंबांबद्दल. प्रोबायोटिक सरसकट फोल आहे असं मी म्हणणार नाही, कारण जगातला एक मोठा आणि चांगला अभ्यास आपल्याच देशात, ओडिशातल्या खेड्यांत झालाय. ४,५०० हून जास्त नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जंतूचा एक ठरावीक वाण, त्याला लागणाऱ्या साखरेसह, सात दिवस दिला. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून धरले तर ते ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण तो वाण म्हणजे बाजारात मिळणारी कुठलीही बाटली नव्हे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२३ मध्ये दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल इशारा दिला, कारण काही बाळांत तेच जंतू रक्तात उतरले होते. तुमचं बाळ सदतीसच्या उंबरठ्यावर येणार आहे, थोडं आधीही येऊ शकतं. तेव्हा स्वतःहून थेंब सुरू करू नका.

अशी थोडी लवकर आलेली बाळं कधीकधी झोपाळू असतात, स्तनाशी लावलं की दोन घोट घेऊन डोळे मिटतात. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. साखर कमी आली, वजन फार उतरलं, आणि डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्या. वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या, बाटली नको, आणि सोबत स्तनाशी लावणं चालू ठेवा. बाळाला काचेत ठेवावं लागलं तर हातानं काढलेला चीक तिथं पोचवता येतो, आणि दवाखान्यात मिल्क बँक असेल तर दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ पासून ती सोय आहे. गरजेपुरत्या चार चमचे पावडरच्या दुधानं बाळाचं आतडं कायमचं बिघडत नाही.

शेवटी तुमच्या रडण्याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं सिझरनं झाली होती, गोव्यात जवळजवळ ४०, देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७. यातली कितीतरी टाळता आली असती असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी पुन्हा लिहीनच. तुमचं मात्र त्यातलं नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर असताना पूर्वी आई आणि बाळ दोघंही जायची. सिझरचं ऑपरेशन जगात आहे ते तुमच्यासारख्या बायकांसाठीच.

डॉक्टरांना विचारायचा धीर होत नसेल तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा. पट्टीचं त्यांनी तुमच्या आधीही ऐकलेलं असणार. आणि नणंदेला कळवा की थेंब राहू देत, येताना पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन आण, आणि पहिले आठ दिवस मध्यरात्रीच्या पाळीला बाळ उठवून माझ्याजवळ आणून देण्याचं काम तुझं.